ताटातलं रक्तात

आषाढ अमावास्येच्या आधीच्या रविवारी मटणाच्या दुकानापुढे जी रांग लागते, ती पुढच्या रविवारी नसते. काल-परवापर्यंत रोज सकाळी दोन अंडी फोडणारा माणूस एका तिथीला शाकाहारी होतो आणि महिनाभर निष्ठेनं तसाच राहतो. कुणी हे व्रत गणपती विसर्जनापर्यंत ताणतो, कुणी दसऱ्यापर्यंत. कोकणातल्या काही घरांत मात्र गौरीच्या नैवेद्यालाच तिखटाचं ताट असतं, तिथे हा खंड आधीच मोडतो. आहारशास्त्रातले संशोधक याच रचनेसाठी निधी मिळवतात, नीतिसमितीची परवानगी काढतात, स्वयंसेवकांच्या विनवण्या करतात. एकच माणूस, काही आठवडे एक आहार, काही आठवडे दुसरा, आणि दोन्ही वेळा रक्ताची तपासणी. याला क्रॉसओव्हर पद्धत म्हणतात. माणूस तोच असल्यामुळे वय, अनुवंश, चालण्याची सवय, झोपेचं खोबरं हे सगळं दोन्ही बाजूंना सारखंच राहतं, आणि आकड्यात फरक पडला तर तो बहुतांशी ताटाचा, असं म्हणता येतं.

आपल्याकडे फक्त दोन गोष्टी राहून जातात. श्रावणाच्या आधी आणि नंतर रक्त कुणी देत नाही. आणि मटण गेल्यावर त्याच्या जागी काय आलं, याची नोंद कुणी ठेवत नाही. या दुसऱ्या गोष्टीवरच सगळं अडलेलं आहे, असं पुढे येणारं संशोधन वाचून माझं झालेलं मत आहे.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटानं केलेला एक प्रयोग 2020 साली प्रसिद्ध झाला. 36 निरोगी प्रौढ. आठ आठवडे त्यांनी रोज किमान दोन वेळा मांस खायचं, तेही सेंद्रिय, चांगल्या प्रतीचं, आणि आठ आठवडे त्याच जागी वाटाण्याच्या प्रथिनापासून बनवलेलं, मांसासारखं दिसणारं ‘बियॉन्ड मीट’ कंपनीचं उत्पादन. बाकीचं जेवण शक्य तितकं तेच ठेवायचं. निम्म्यांनी आधी मांस घेतलं, निम्म्यांनी आधी वनस्पतीचं. एलडीएल, म्हणजे आपण ज्याला सरसकट ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतो ते, मांसाच्या आठवड्यांत सरासरी 120.7 होतं आणि वनस्पतीच्या आठवड्यांत 109.9. वजनातही सुमारे एक किलोचा फरक. पैसे त्या कंपनीनंच दिले होते आणि हे शोधनिबंधात लिहिलेलं आहे. असा निधी दिसला की वाचकानं भुवई उंचवावी. पण आकडा खोटा ठरवण्याआधी दुसरीकडे काय निघालं तेही पाहावं.

तीन वर्षांनी याच गटानं आणखी पुढचं पाऊल टाकलं. एकाच बीजापासून जन्मलेल्या, हुबेहूब जुळ्यांच्या 22 जोड्या घेतल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाला आठ आठवडे पूर्ण वनस्पतीजन्य आहार दिला. दूध, दही, तूपसुद्धा बंद. दुसऱ्याला मांस, अंडी, दूध असलेला पण भाज्या-कडधान्यांचाही भरणा असलेला आहार. पहिले चार आठवडे जेवणाचे डबे घरपोच, पुढचे चार ज्यानं त्यानं स्वतः रांधायचं. वनस्पतीजन्य गटाचं एलडीएल 110.7 वरून 95.5 वर आलं. दुसऱ्या गटाचं 118.5 वरून 116.1 वर. उपाशीपोटीचं इन्सुलिन आणि वजन हेही पहिल्या गटात जास्त उतरलं. 2023 च्या नोव्हेंबरात निबंध आला आणि दोनच महिन्यांत त्यावरची मालिका नेटफ्लिक्सवर. घरोघरी ‘जुळ्यांवर सिद्ध झालं’ हे वाक्य पोचलं ते त्या मालिकेमुळे. मालिकेत ज्याला फार जागा नव्हती ते निबंधात आहे. वनस्पतीजन्य गट कमी उष्मांक खात होता, जेवणात तितकासा रमलेला नव्हता, आणि त्याचं एचडीएल, म्हणजे ‘चांगलं कोलेस्टेरॉल’, तेही थोडं खाली गेलं होतं. ट्रायग्लिसराइड या रक्तातल्या दुसऱ्या मेदात ठळक फरक दिसला नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवावं, आपल्यासाठी ते कळीचं आहे.

एकट्या स्टॅनफर्डवर विसंबायला नको. 2023 सालीच डेन्मार्कच्या संशोधकांनी चाळीस वर्षांतले असे 30 प्रयोग एकत्र मांडले. मिळून 2,372 माणसं. शाकाहारी किंवा पूर्ण वनस्पतीजन्य आहारावर एलडीएल सरासरी 10 टक्क्यांनी कमी. ट्रायग्लिसराइडवर परिणाम नाही. तेव्हा एलडीएल उतरतं हे आता वादाचं राहिलेलं नाही.

ते का उतरतं, हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथेच गैरसमजांची गर्दी आहे. रक्तातलं एलडीएल काढून घेण्याचं काम यकृत करतं. त्याच्या पेशींवर एलडीएल पकडणारे ग्राहक असतात. मटणाची चरबी, लोणी, तूप, साय, खोबरेल, पामतेल यांतला संतृप्त मेद वाढला की या ग्राहकांची संख्या घटते आणि एलडीएल रक्तात फिरत राहतं. म्हणजे ताटातलं कोलेस्टेरॉल जसंच्या तसं रक्तात जात नाही. अंड्याच्या पिवळ्या बलकाला आपण जितकी वर्षं आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, तितका त्याचा गुन्हा नव्हता. दुसरी बाजू तंतूंची. ओट, जव, राजमा, चवळी, भेंडी यांतला विरघळणारा तंतू आतड्यात पित्ताम्लांना धरून शरीराबाहेर नेतो. मग नवी पित्ताम्लं बनवायला यकृताला कोलेस्टेरॉल लागतं आणि ते रक्तातून ओढून घेतलं जातं. मांस काढून कडधान्य आणलं की एकाच वेळी एक गोष्ट कमी होते आणि दुसरी वाढते. श्रेय कुणाचं किती, हे वेगळं काढणं अवघड.

स्टॅनफर्डप्रमाणेच कॅलिफोर्नियात असलेल्या ओकलंडमध्ये रोनाल्ड क्राउस यांच्या गटानं ते वेगळं काढायचा प्रयत्न केला. 113 निरोगी माणसं, चार-चार आठवड्यांचे तीन आहार. एकात लाल मांस, एकात पांढरं, म्हणजे मुख्यतः कोंबडी, आणि तिसऱ्यात मांसच नाही, प्रथिनं वनस्पतींची. संतृप्त मेद प्रत्येक गटाला तिन्ही आहारांत सारखा ठेवला. एका गटाला तिन्ही वेळा जास्त, दुसऱ्याला तिन्ही वेळा कमी. 2019 साली निकाल आला तेव्हा स्वतः संशोधकही चकित झाले. कोंबडी आणि लाल मांस यांत एलडीएलचा फरकच नव्हता. दोन्हींवर ते मांसरहित आहारापेक्षा जास्त. वाढ बरीचशी एलडीएलच्या मोठ्या कणांची होती आणि मोठे कण छोट्यांइतके घातक नसावेत, असं क्राउस यांचं म्हणणं आहे. सगळे हृदयरोगतज्ज्ञ ते मान्य करत नाहीत. डॉक्टरांनी ‘मटण बंद, चिकन चालेल’ म्हटल्यावर हायसं वाटणाऱ्या आपल्या समस्त मंडळींसाठी ही बातमी फारशी गोड नाही. चिकन चालेल याचा अर्थ, त्यातली चरबी मटणापेक्षा कमी असते म्हणून चालेल. कोंबडीच्या अंगी वेगळा काही औषधी गुण नाही.

आता आपल्या रिपोर्टकडे येऊ.

2014 साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मधुमेह पाहणीतून रक्तातल्या मेदाचे आकडे प्रसिद्ध झाले. तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड या चार ठिकाणचे. निबंधाचे पहिले लेखक मुंबईचे डॉ. शशांक जोशी. तपासलेल्या प्रौढांपैकी एलडीएल वाढलेले 11.8 टक्के. ट्रायग्लिसराइड वाढलेले 29.5 टक्के. आणि एचडीएल कमी असलेले 72.3 टक्के. पाश्चात्त्य माणसाचा रिपोर्ट बिघडतो तो प्रामुख्यानं एलडीएलच्या ओळीत. आपला बिघडतो त्याच्या वरच्या-खालच्या ओळींत. म्हणजे स्टॅनफर्डचा प्रयोग ज्या प्रश्नाचं उत्तर चोख देतो, तो आपल्यापैकी बहुतेकांचा पहिला प्रश्न नाहीच.

ट्रायग्लिसराइड कशानं वाढतं? मेदानं, असं वाटतं, आणि जेवल्यानंतरच्या काही तासांपुरतं ते खरंही आहे. तळलेलं, तुपातलं खाऊन तीन-चार तासांनी दिलेलं रक्त लॅबमध्ये सेंट्रिफ्यूजमधून फिरवून काढलं, की एरवी पिवळसर पारदर्शक असणारा सीरमचा थर काही नळ्यांत दुधाळ दिसतो. पांढुरका, अपारदर्शक, मागे बोट धरलं तर दिसू नये असा. ते आतड्यातून नुकतेच निघालेले मेदाचे कण असतात. रात्रीतून ते विरतात. म्हणूनच सुई टोचण्याआधी लॅबवाला ‘काही खाल्लं नाही ना?’ असं विचारतो. पण सकाळच्या उपाशीपोटीही जे ट्रायग्लिसराइड दोनशेच्या वर बसलेलं असतं, ते बरंचसं यकृतानं बनवलेलं असतं, आणि त्याचा कच्चा माल म्हणजे गरजेपेक्षा जास्त झालेली साखर, मैदा, पांढरा भात आणि दारू. नेदरलँड्सच्या मेन्सिंक आणि सहकाऱ्यांनी 2003 साली 60 नियंत्रित प्रयोगांचा हिशेब मांडला. त्यात हे लख्ख दिसतं. संतृप्त मेद काढून शेंगदाणा, करडई यांतला असंतृप्त मेद आणला, तर एलडीएल उतरतं आणि बाकीचं फारसं बिघडत नाही. तोच संतृप्त मेद काढून पिष्ट आणलं, तर एलडीएल उतरतं खरं, पण सोबत एचडीएलही उतरतं आणि ट्रायग्लिसराइड चढतं. मांस दोन्हीकडे सारखंच सुटलेलं. रक्त वेगळं.

श्रावणातलं ताट या नजरेनं पाहावं. सोमवारी साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, प्रथिन नावाला. त्यातला शेंगदाण्याचा कूट हाच काय तो जमेचा भाग. सोबत बटाट्याची भाजी, वर केळं. शुक्रवारी पुरणपोळी, नारळी पौर्णिमेला नारळीभात, गोकुळाष्टमीला गोपाळकाला, मग मोदक. यांत चण्याची डाळ आहे, नारळ आहे, गूळ आहे, तूप आहे. चव तर आहेच. पण जुळ्यांच्या प्रयोगातल्या डब्याशी या ताटाचं नातं फक्त ‘मांस नाही’ एवढंच. त्याउलट श्रावणातलंच एखादं साधं ताट घ्या: ज्वारीची भाकरी, वालाचं बिरडं, अळूची भाजी, मूठभर शेंगदाण्याची चटणी, ताक. स्टॅनफर्डच्या आहारतज्ज्ञाला ताक सोडून त्यात हरकत घेण्यासारखं काही सापडणार नाही. दोन्ही ताटं सात्त्विक, दोन्ही श्रावणी. महिनाभरानं रक्त दिलं, तर निकाल एक येणार नाही.

हे अनुमान हवेतलं नाही. परिषदेच्याच मधुमेह पाहणीत भारतीय प्रौढाच्या उष्मांकांतले सुमारे 62 टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात, असं दिसलं आहे. इतकं पिष्ट असलेल्या ताटातून आणखी काही काढलं, की रिकाम्या जागेत पिष्टच येऊन बसतं. सिंगापूरचा 2024 सालचा एक प्रयोग याच बाजूचा आहे. मधुमेहाचा धोका असलेले 89 चिनी वंशाचे सिंगापूरकर. आठ आठवडे निम्म्यांना कोंबडी, डुक्कर, गोमांस आणि निम्म्यांना त्यांचीच वनस्पतीजन्य प्रतिरूपं, तीही आशियाई जेवणात. एलडीएलमध्ये फरक नाही. ग्लुकोजचं नियंत्रण उलट मांस खाणाऱ्यांचं जरा बरं. प्रतिरूपांत पिष्ट जास्त असतं. कॅलिफोर्नियातला बर्गर वगळून जे मिळालं, ते सिंगापूरच्या भातावर मिळालं नाही.

मासेखाऊंचा प्रश्न राहिला, आणि मालवण-गोव्याकडच्या वाचकाला तो अस्वस्थ करत असणार. त्याची गोष्ट मजेशीर आहे आणि ती सुरू होते मांसापासून. लाल मांसात कार्निटिन असतं. आतड्यातले जिवाणू त्याचं ट्रायमिथिलअमाइन करतात आणि यकृत त्याचं टीएमएओ. क्लीव्हलँड क्लिनिकच्या स्टॅन्ली हेझन यांनी 2011 आणि 2013 सालच्या निबंधांत हा पदार्थ धमन्या बिघडवण्याशी जोडला. त्यांनी पाच वर्षांहून जास्त काळ वनस्पतीजन्य आहार घेणाऱ्या एका गृहस्थाला राजी करून मांसाचा मोठा तुकडा खायला घातला. त्याच्या रक्तात टीएमएओ जवळजवळ बनलंच नाही. ते बनवणारे जिवाणूच पोटात नव्हते. स्टॅनफर्डच्या 36 जणांतही हाच धागा निघाला. ज्यांनी मांसापासून सुरुवात केली, त्यांचं टीएमएओ मांसाच्या काळात 6.4 होतं. ज्यांनी आधी आठ आठवडे वनस्पतीचं खाल्लं आणि मग मांसाकडे वळले, त्यांचं मांस खातानाही 3 च्या आसपास. श्रावण पाळून दसऱ्याला मटणावर बसणाऱ्यानं यावरून लगेच खूश होऊ नये. एकेका गटात माणसं थोडी होती.

मग माशांचं काय? समुद्री माशांच्या अंगात टीएमएओ आयतंच असतं. खाऱ्या पाण्यात पेशी शाबूत ठेवायला त्यांना ते लागतं. मासा शिळा होऊ लागला की जिवाणू त्याचंच ट्रायमिथिलअमाइन करतात आणि तोच तो ‘माशाचा वास’. चिंच, आमसूल, लिंबू लावल्यावर वास मरतो तो आम्लामुळे ते उडून जाणं थांबतं म्हणून. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात 40 निरोगी तरुणांना मासे, अंडी, गोमांस आणि फळं असं पाळीपाळीनं दिलं. माशांनंतर टीएमएओ इतरांच्या 46 ते 62 पट चढलं. आणि तरीही हृदयासाठी मासे चांगले, हा निष्कर्ष दशकानुदशकांच्या पाहण्यांतून पक्का आहे. तेव्हा एक तर हा पदार्थ वाटला तितका दोषी नाही, किंवा तो माशातून क्षणभर चढणं आणि मांसामुळे रोज चढलेला राहणं या वेगळ्या गोष्टी आहेत. शास्त्रज्ञांत यावर अजून खडाजंगी चालू आहे. बांगड्याचं तिखलं खाणाऱ्यानं या आकड्यासाठी पैसे खर्चून तपासणी करायची गरज नाही, हे मात्र मी ठामपणे म्हणेन.

काही आकडे असे असतात, की त्यांच्यापायी विनाकारण घाबरगुंडी उडते. मूत्रपिंडाच्या तपासणीतला क्रिएटिनिन हा त्यातला एक. मांसातलं क्रिएटिन शिजताना क्रिएटिनिनमध्ये बदलतं आणि ते थेट रक्तात येतं. 2007 सालच्या एका प्रयोगात शिजवलेल्या मांसाच्या जेवणानंतर एक-दोन तासांत ते सुमारे 0.9 वरून 1.1 च्या पुढे गेलं. मूत्रपिंडाला काहीही झालेलं नसताना. रविवारी दुपारी भरपेट मटण हाणून संध्याकाळी तपासणी केली, की असा घोळ होतो. युरिक आम्लाची तऱ्हा वेगळी. ते वाढलं की आपल्याकडे पहिली कुऱ्हाड पालक, तूर आणि मटकीवर पडते. अमेरिकेत 47,150 पुरुषांची 12 वर्षं पाहणी करून 2004 साली जे निघालं ते असं: मांस आणि समुद्री अन्न जास्त खाणाऱ्यांना गाउट (युरिक आम्लामुळे होणारा संधिवात) जास्त, दुग्धपदार्थ खाणाऱ्यांना कमी, आणि प्युरीन असलेल्या भाज्या-कडधान्यांचा संबंध दिसला नाही. तुरीच्या वरणाची या प्रकरणातून निर्दोष मुक्तता करायला हरकत नाही.

आता पुण्याकडे, कारण शाकाहारींच्या रक्ताबद्दल जगाला जे सर्वांत मोलाचं कळलं, त्यातलं बरंच इथून कळलं. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा माग ठेवत आले आहेत. 2006 साली त्यांच्या गटानं 441 मध्यमवयीन पुरुषांच्या रक्तातलं बी12 जीवनसत्त्व मोजलं. काही खेड्यातले, काही झोपडपट्टीतले, काही शहरी मध्यमवर्गीय. 67 टक्के लोकांत ते कमी. आणि सर्वांत कमी कुठे, तर ज्यांना खायला-प्यायला काही कमी नव्हतं त्या शहरी मध्यमवर्गात, 81 टक्के. शाकाहारींना कमतरतेचा धोका चौपटीहून जास्त. पण मांसाहारीही सुटले नव्हते, कारण आपला मांसाहारी म्हणजे पुष्कळदा रविवारपुरता. गर्भारपणात फोलेट भरपूर आणि बी12 कमी असलेल्या मातांची मुलं सहा वर्षांची झाली, तेव्हा त्यांच्यात इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त आढळली. हा 2008 सालचा निष्कर्ष जगभर उद्धृत झाला.

बी12 कुठलीच वनस्पती बनवत नाही आणि कुठला प्राणीही नाही. ते जिवाणू बनवतात. गाय-म्हशीच्या, बकरीच्या पोटातल्या जिवाणूंकडून ते मांसात आणि दुधात येतं. यकृतात त्याचा साठा वर्षानुवर्षं पुरतो. म्हणून जुळ्यांच्या आठ आठवड्यांत वनस्पतीजन्य गटाचं बी12 लक्षणीय घसरलं नाही, आणि म्हणून आठ आठवड्यांच्या कुठल्याही प्रयोगावरून ‘बी12 ची काही अडचण नाही’ असं म्हणणं ही शुद्ध दिशाभूल आहे. एलडीएल महिन्याभरात बोलतं, साखरेची सरासरी सांगणाऱ्या एचबीए1सीला तांबड्या पेशींच्या आयुष्याएवढे, म्हणजे तीनेक महिने लागतात, बी12 काही वर्षं गप्प बसून मग हातापायांच्या मुंग्यांतून बोलतं. बी12 च्या कमतरतेची खूण असलेलं होमोसिस्टीन त्याआधी चढतं, पण ते आपल्या नेहमीच्या हेल्थ पॅकेजमध्ये नसतं.

यातला पेच असा की घरातलं दूध-तूप दोन्ही खात्यांत आहे. सायीनं, तुपानं, पनीरनं संतृप्त मेद वाढतो, म्हणून एलडीएलसाठी ते कमी करावं म्हणावं, तर शाकाहारी माणसाला बी12 मिळण्याची जवळपास एकमेव वाट बंद होते. पण बी12 पाण्यात विरघळणारं आहे, मेदात नाही. दूध तापवून, गार करून वरची जाड साय काढली, की संतृप्त मेदाचा बराच भाग सायीबरोबर जातो आणि बी12 खाली दुधात राहतं. त्याच सायीचं विरजण लावून, लोणी काढून, कढवून केलेल्या साजूक तुपात मेद सगळा आणि बी12 नाही. पुण्यातल्याच एका प्रयोगात तरुण शाकाहारींना रोज नेमानं दूध दिलं, तेव्हा दोन आठवड्यांत त्यांच्या रक्तातलं वापरण्याजोगं बी12 वर आलं. ज्यांना दूध पचत नाही किंवा जे ते तत्त्व म्हणून घेत नाहीत त्यांच्यासाठी गोळी आहे. याज्ञिकांच्या गटानं किशोरवयीन मुलामुलींना दिलेली मात्रा होती रोज 2 मायक्रोग्रॅम.